तिसऱ्या नमुन्यातल्या नऊ तारा

हर्षदा,

तुझ्या तिसऱ्या नमुन्यात मी सुताच्या नऊ तारा गाठी मारून जोडल्या होत्या. तू तीन वेळा विचारलंस, मी तीन वेळा नाही म्हणालो. तुला जाऊन आज अठरा दिवस झाले, आणि हे मी कागदावर लिहितोय, कारण तोंडाने सांगायचे दिवस मी स्वतःच घालवले.

तुझ्याबद्दल लोकांनी बरंच लिहिलं. तू कुठे शिकलीस, मेंदूवर काय काम केलंस, समुद्रातल्या प्राण्याच्या कातडीवरून कापड विणायचं तुझ्या डोक्यात कसं आलं. राहनाळच्या नाक्यावर तुझ्या फोटोचा बॅनर लागलाय. खाली शोकाकुल म्हणून सतरा नावं आहेत, त्यात माझंही आहे, मामेभाऊ म्हणून. मी रोज त्याच्याखालून स्कूटर काढतो आणि निजामपुऱ्यात आपल्या यंत्रमागाच्या कारखान्यावर येतो. मान वर करत नाही.

मी बोलणारा माणूस नाही. तू म्हणायचीस, "अनंतादादा, तुझ्यापेक्षा तुझे लूम जास्त बोलतात." खरंच आहे. दहा लूमच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला गप्प राहायला निमित्त शोधावं लागत नाही. पण गप्प राहणं वेगळं आणि मी केलं ते वेगळं. मला तेवढं कळतं.

मासळीबाजारातलं ते माकूळ, पुढे तू ज्याला स्क्विड म्हणायचीस, तुला आठवत असेल. तू सातवीत होतीस. आत्याबरोबर आपण दोघं पिशव्या धरायला गेलो होतो. कोळणीच्या पाटीत माकूळ पडलेलं, पांढरट, ढिलं. तू त्याला बोट लावलंस तर बोटाच्या भोवती तांबडे ठिपके फुलले आणि हळूहळू मिटले. तू हात झटकन मागे घेतलास.

"आई, जितं हाय हे!"

कोळीण हसली. "मेलंय गं पोरी. कातडीला अजून ठावं न्हाय."

आत्या भाव करत राहिली, तू तिथून हलेनास. पुढे कितीतरी वर्षांनी तू मला कारखान्याच्या ओट्यावर बसून समजावून सांगितलंस, की तो प्रत्येक ठिपका म्हणजे रंगाची एक बारीक पिशवी. तिच्या चहूबाजूंनी स्नायू, आणि त्या स्नायूंना थेट मेंदूकडून आलेला मज्जातंतू. मेंदूने हुकूम दिला की स्नायू ओढतात, पिशवी ताणली जाते, रंग दिसतो. तुझी तरुणपणाची सगळी वर्षं त्या हुकमामागे गेली. हुकूम तुटला तर कातडी काय करते, हे तुला बघायचं होतं. मला त्यातलं फार कळायचं नाही. पण तू सांगत असलीस की माझ्या हातातला चहा गार व्हायचा, एवढं मात्र खरं.

मग बाबांच्या पायाला साखरेच्या आजाराने बधिरपणा आला. तू भेटायला आलीस. बाबा तळव्यावर टिचक्या मारून दाखवत होते, "बघ, मना काय बी लागत न्हाय. दगडाचं पाय झालं." सगळे हसले, तू हसली नाहीस. तू त्या पायाकडे बघत बसलीस, जशी लहानपणी पाटीकडे बघत होतीस. जाताना मला म्हणालीस, "दादा, मामाच्या पायाचा हुकूम तुटलाय. पायाला कळत नाही ते कापडाला कळलं तर?"

मला वाटलं, आली हिची लहर. दीड वर्षाने तू सुताच्या कांड्या घेऊन दारात उभी. आत लाल धागा, त्यावर करडा पीळ. ओढला की पीळ सुटा होतो आणि लाल दिसतं, सोडला की पुन्हा करडा. त्याचं कापड विणायचं, त्याचे मोजे करायचे, आणि पायावर जिथे जास्त दाब येईल तिथे मोजा लाल होणार. तुझ्या प्रयोगशाळेतल्या हातमागावर ते घट्ट बसत नव्हतं. तुला खराखुरा लूम हवा होता.

"एकच अट," तू म्हणालीस. "तार तुटली तर लूम बंद करायचा. जोडायची नाही. मला फोन करायचा."

"अगं, तार तुटणारच. तुटते म्हणून तर आमचं पोट चालतं."

"माहीत आहे. पण मला वेगळं काही दिसलं, तर ते विणीमुळे दिसलं की गाठीमुळे, हे मला कसं कळणार? शब्द दे."

बाबा दाराजवळच्या खुर्चीत होते. त्यांना ते लागलंच. "माझ्या अनंताची गाठ? बोटाला लागली तं नाव बदलीन मी."

"मामा," तू म्हणालीस, "मला तीच भीती आहे."

मी शब्द दिला.

पहिल्या नमुन्याचं सूत तुला पसंत पडलं नाही. "ताठ आहे, ताणत नाही, फेकून दे," म्हणालीस. दुसऱ्याचं चांगलं होतं पण विणताना मापात चूक झाली आणि जास्तीच्या कांड्या त्यातच संपल्या. तिसऱ्याचा बीम, म्हणजे ताण्याचा रूळ, लूमवर चढला तेव्हा आपल्याकडे नेमकं तेवढंच सूत होतं, वर एक वीतही नाही.

त्या दिवशी लूमवर मी होतो. आमचा कारागीर सलीमभाई शेजारच्या लूमवर होता. चांगलं हातभर कापड उतरलं होतं आणि आडवा धागा नेणारा धोटा मधेच अडकला. आवाजावरूनच कळलं. एकदम नऊ तारा गेल्या.

"बंद करूं, शेठ?"

मी लूम बंद केला. इथपर्यंत मी शब्द पाळला. खिशातून मोबाईलही काढला. मग मला दिसायला लागलं की तू काय म्हणशील. सोडून दे, म्हणशील, नवीन सूत आणते. म्हणजे आणखी तीन-चार महिने. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच लूमवर दुसऱ्या पार्टीचा बीम चढायचा होता, तो मी त्यांना कबूल केलेला. कपाटात पहिल्या नमुन्याची कांडी होती. तू फेकून दे म्हणालेलीस ती. आमच्यात सूत कोणी फेकत नाही हर्षदा, हे तुला ठाऊक असायला हवं होतं. दिसायला अगदी तेच. आत लाल, वर करडं. फक्त ताठ.

मी नऊ तारा त्या सुताने जोडल्या. गाठी मारल्या, टोकं कापली, नखाने विणीत दाबून बसवल्या. सलीमभाईने वाकून बघितलं. "कमाल है शेठ. हमको भी नहीं दिखता."

हे मला सांगायलाच हवं. त्या वेळी मला वाईट वाटलं नव्हतं. मला बरं वाटलं होतं. मी खूश होतो माझ्या हातावर.

आठवड्याभराने तुझा फोन आला. तू इतक्या जोरात बोलत होतीस की मी बाहेर ओट्यावर आलो. "दादा, कापडाने काहीतरी केलंय!" दाब दिला की सगळा तुकडा लाल होत होता, पण मधला अंगठ्याएवढा पट्टा करडाच राहत होता आणि त्याच्या आजूबाजूचाही लाल फिका पडत होता. जणू त्या जागेवरचं ओझं कापडाने आपणहून उचललं. "कळतंय का तुला? नुसतं सांगत नाही ते, सांभाळतंय! जखमेवरचा भार विणच बाजूला नेत असेल तर…" मग एकदम थांबलीस. "दादा, त्या नमुन्यात तू काही वेगळं केलं होतंस का? तार वगैरे जोडलीस?"

"नाही."

एवढंच. तुझा आनंद मोडवला नाही, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. तेही खोटं. आत दाराजवळ बाबा बसले होते आणि मी शब्द मोडला हे त्यांच्या कानावर पडायला नको होतं, एवढीच लाज होती. चार वर्षांच्या खोटेपणाच्या मुळाशी एवढंसं काहीतरी असतं, याचाच आता राग येतो.

तू ते परिषदेत मांडलंस. लोक उठून तुझ्यामागे आले, कागद दे, नमुना दाखव. आणि मग चौथ्या नमुन्यात पट्टा आलाच नाही.

पाचव्यातही नाही. पण पाचव्याचे तू मोजे केलेस आणि बाबांच्या पायात घातलेस. "मामा, दिवसभर हिंडा, मी संध्याकाळी येते." संध्याकाळी बूट काढला तर उजव्या टाचेखाली हा एवढा लालभडक डाग. तू बूट उलटा केलास आणि आतून सुपारीचं खांड पडलं. बाबा बघतच राहिले. "अरं, मी सकालपासून शोधतंय हिला!" सगळा कारखाना हसला. तू मात्र खाली बसून त्यांची टाच हातात घेतलीस आणि कातडी फुटलेली नाही ना, ते बोटाने चाचपत राहिलीस. डॉक्टर नंतर म्हणाले, आणखी एक दिवस तसेच चालले असते तर अवघड होतं.

माझ्या बापाचा पाय तू वाचवलास. त्याच संध्याकाळी मी सांगायला हवं होतं. मी तुला रिक्षापर्यंत सोडायला आलो, तोंड उघडलंही, आणि म्हणालो, "सुट्टे आहेत ना?" उपकार झाल्यावर खरं बोलणं सोपं जातं असं वाटेल कुणाला. मला ते जास्तच अवघड झालं.

जे खरं निघालं होतं त्यावर तू थांबली असतीस तरी पुरलं असतं. पण तुला तो पट्टा हवा होता. सांगणारं कापड तुझ्या लेखी अर्धंच काम होतं. सांभाळणारं कापड एकदा दिसलं होतं, मग ते पुन्हा का दिसत नाही? एका परिषदेत कोणी एक गृहस्थ उठून म्हणाले, "बाई, आपल्या तिसऱ्या नमुन्यातला पट्टा आम्हाला पुन्हा दर्शन कधी देणार?" हे तू मला हसत सांगितलंस. समोरचा चहा मात्र तसाच ठेवून गेलीस.

मग ते भांडण. तू कारखान्यात आलीस, सगळे लूम चालू होते, ओरडूनच बोलावं लागत होतं. "दादा, नीट आठव. त्या दिवशी काही झालं होतं का? मला राग येणार नाही." आणि मी, चोर तो मी, तुझ्यावरच उसळलो. "तुझं गणित चुकलं की विणकर खोटा? इतकी शिकलीस आणि घरच्या माणसावर संशय?" सलीमभाई दुसरीकडे बघायला लागला. त्याला माहीत होतं ना. तू मान हलवलीस, पिशवी उचललीस आणि गेलीस. त्यानंतर पाच महिने सूत, सहाव्या नमुन्याचंही, कुरिअरने यायचं. वर तुझ्या अक्षरात फक्त पत्ता.

त्या भांडणात तुझं एक वाक्य राहून गेलं. तू काहीतरी म्हणालीस जाताना, लूमच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. परत विचारायची हिंमत झाली नाही. आता कोणाला विचारू?

मग तुझं आजारपण. तिसऱ्यांदा तू दवाखान्यात विचारलंस. दुपारची वेळ. आत्या डबा धुवायला गेली होती. तुझं मनगट माझ्या दोन बोटांत मावेल एवढं झालं होतं. "दादा, रागावू नकोस. शेवटचं विचारते."

तू वाक्य पूर्णही केलं नाहीस. मीच म्हणालो, "नाही गं."

तू माझा हात दाबलास. तुझा चेहरा सैल झाला. "मग ते कापडातच आहे. फरहीन शोधेल."

फरहीन म्हणजे तुझी विद्यार्थिनी, हे मला तेव्हा नीट माहीतही नव्हतं. तेराव्यानंतर राहनाळला समाजमंदिरात तुझी शोकसभा झाली, तिथे ती बोलायला उभी राहिली. इथलीच मुलगी, तिचे वडील लूमवर कारागीर होते. कागद न बघता बोलली. प्राण्याच्या मेंदूपासून माणसाच्या मोज्यापर्यंत तू कशी आलीस, ते तिने आत्याला कळेल अशा भाषेत सांगितलं. मग म्हणाली, "मॅडमचा तिसरा नमुना अजून कोणाला उलगडलेला नाही. माझी पीएचडी मी त्याच्यावरच करणार आहे. सोमवारी माझा प्रस्ताव जातोय. चार-पाच वर्षं लागतील, पण मॅडमचं अर्धं राहिलेलं मी पूर्ण करीन."

माझ्या शेजारी कोणीतरी डोळे पुसले. आत्या पहिल्या रांगेत मान डोलवत होती. मला उठायचं होतं. खुर्चीचा हात धरला, अर्धा उठलो, आणि मागच्या माणसाला वाटलं मला बाहेर जायचंय, तर त्याने पाय आखडून वाट करून दिली. मी खरंच बाहेर गेलो.

तुझी वर्षं गेली ती गेली. पण ही पोर माझ्या गाठीमागे तिशी घालवणार होती. आणि कोणाच्या शब्दावर, तर मी तुझ्या मरणाच्या आधी दिलेल्या शब्दावर. शुक्रवारी मी तिला फोन केला. म्हटलं, तिसरा नमुना घेऊन कारखान्यावर ये.

ती शनिवारी सकाळी आली. मी लूम बंद ठेवले होते. बाबांना मुद्दाम दाराजवळच बसवलं. तिने पिशवीतून कापड काढलं, पांढऱ्या कागदात गुंडाळलेलं, एखाद्या तान्ह्या बाळासारखं. मी सांगितलं. जसं वर लिहिलंय तसं, धोटा, कांडी, नऊ तारा.

तिने खिशातून भिंग काढून कापडावर धरलं, बराच वेळ. "कुठे आहे गाठ? मला दिसत नाही, अंकल."

"दिसणार नाही," मी म्हणालो. मी बोट फिरवलं. मलाही एकदम सापडली नाही. मग सापडली. सुईने उचलून वर काढली. एक, मग दुसरी. नऊच्या नऊ उपसून तिच्यासमोर ठेवल्या.

"ताठ तार आहे म्हणून तिने भार घेतला," ती हळू म्हणाली. "बाजूच्या तारांवर कमी आला. बस. ये तो कोई भी बुनकर बता देता." मग माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला नीट बांधता येत नसतं ना, तर मॅडमना पहिल्याच आठवड्यात दिसली असती."

"हो."

"मी म्हटलं होतं मॅडमना. मेरे अब्बा भी ऐसे ही बांधते थे, मला माहीत होतं असं होतं ते. म्हटलं, कापड उसवून बघू." तिने पिशवीतून तुझी वही काढली. तू कारणांची यादी केली होतीस, पान भरून. सर्वात वर लिहिलं होतं: जोडलेली तार? त्यावर काट मारलेली आणि पुढे तुझ्या अक्षरात, दादाला विचारलं, नाही म्हणाला. "मॅडम म्हणाल्या, उसवायची गरज नाही. दादा बोललाय."

बाकी प्रत्येक कारणापुढे कसली कसली मापं होती, आलेख होते. पहिल्यापुढे फक्त मी होतो.

बाबांनी हात पुढे केला. फरहीनने त्यांना ते कापड दिलं. त्यांनी राहिलेल्या विणीवरून अंगठा फिरवला, दोनदा. मग कापड परत केलं, काठी घेतली आणि उठून घरी गेले. तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. जेवायला हाक मारली की येतात.

फरहीनने सगळ्या गाठींचे फोटो काढले. म्हणाली, तो निष्कर्ष मागे घ्यायचं पत्र तिलाच लिहावं लागेल, कारण सांगावं लागेल. "तुमचं नाव घालू?"

"घाल. आणि मॅडमने विचारलं होतं, तीनदा, तेही घाल."

प्रस्ताव तिने बदलला. आता ती पाचव्या नमुन्यावर काम करणार, बाबांच्या टाचेच्या, जो खरा होता. आत्याला मी काल सांगितलं. ती भांडी लावत होती. थांबली नाही. "माझ्याशी बोलून काय मिलतंय तुला? तिला सांगायचं होतंस." म्हणून हे पत्र.

कापडाने सांभाळावं, असं तुला हवं होतं. तुझ्या त्या सांभाळणाऱ्या कापडाचा एकही धागा खरा नव्हता. सांगणारं मात्र खरं आहे. मी हे तुझं सांत्वन करायला म्हणत नाही, तसा मला अधिकार नाही. तू हयात असतीस तर म्हणाली असतीस, बरं झालं कळलं, आणि मग कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नसतीस. ते न बोलणं मला चाललं असतं. हे चालत नाही.

शनिवारी निघताना फरहीन दारात थांबली. "सातवा नमुना विणायचा आहे. तुमच्यासारखा हात दुसरा नाही. विणाल?"

मी मग विचारलं, "भरवसा ठेवशील माझ्यावर?"

"नाही," ती म्हणाली. "मी लूमजवळ उभी राहणार. पहिल्या तारेपासून शेवटच्या तारेपर्यंत. तार तुटली की बटण मी बंद करणार."

मी हो म्हणालो. आणि हर्षदा, तुला कसं सांगू, चार वर्षांत पहिल्यांदा मला हलकं वाटलं.